कॅरिअर किती वजन घेतं?

४ तारीख, मंगळवार
दुकानातून, दुपारी

प्रिय बारके,

आशीर्वाद. घ्यायचे तर घे, नाहीतर राहू देत पाकिटातच. इकडे सगळं ठीक आहे. आई ठीक, मी ठीक, मशीन ठीक. तुझंही ठीक असेल असं धरून चालते. दोन वर्षांत तुझ्याकडून काही कळलं नाही आणि मीही काही कळवलं नाही, तेव्हा त्या बाबतीत आपली फिटंफाट.

फोन सोडून हे पत्र कुठून काढलं, म्हणशील. फोनवर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला भांडतो. पत्रात निदान पानभर तरी मध्ये कोणी तोंड घालत नाही.

कामाचं बोलते. मला सायकल घ्यायची आहे. हसून घे एकदाचं. झालं? तर मला सायकल घ्यायची आहे, आणि अठरा वर्षं सायकली दुरुस्त करणारी सख्खी बहीण असताना मी त्या दुकानदाराच्या तोंडाकडे का बघत बसू? तो गोड बोलतो आणि प्रत्येक सायकलीला "हीच घ्या मॅडम" म्हणतो. मी विचारलं, हायब्रिड म्हणजे नक्की काय? म्हणाला, रस्त्यावरही चालते आणि कच्च्या वाटेवरही. मी म्हटलं, म्हणजे ना धड इकडची ना धड तिकडची. तर म्हणाला, "मॅडम, दोन्हीकडची." असल्या माणसाशी कसं बोलायचं?

दोन सायकलींवर येऊन अडकले आहे. एक निळी, नवीकोरी. पुढे शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, गिअर एकवीस. पण तिला मडगार्ड नाही, स्टँड नाही, कॅरिअर नाही, आणि ती घेतली की पैसे तिथेच संपतात. दुसरी राखाडी, कोणीतरी वापरून विकलेली. गिअर सातच, पुढे साधा लोखंडी फोर्क, ब्रेक जुन्या पद्धतीचे. पण तिची मधली दांडी खाली वाकलेली आहे, पाय उंच न टाकता पटकन बसता येतं. माझ्याकडे काजाच्या मशीनसाठी बाजूला ठेवलेले पैसे आहेत, तेवढेच. त्यावर एक छदाम नाही, म्हणून नीट विचार करून सांग.

मला कालव्याच्या कडेच्या वाटेने जावं लागतं, तिथे खडी आहे, त्यासाठी टायर केवढे जाड लागतील? चालत्या माणसाच्या वेगाने, अगदी हळूहळू, तोल न जाता चालवता येते का? की हायब्रिड पळवावीच लागते? घंटी हळू वाजणारी मिळते का, दचकवणारी नको आहे. आणि कॅरिअर किती वजन घेतं? समजा पंचेचाळीस किलो. कापडाचे गठ्ठे असतात माझे. मागच्या चाकाशी पाय ठेवायला काही बसवून मिळतं का, तेही सांग. सहज विचारते आहे.

लवकर लिही. वेळ काढू नकोस. तुझ्या सवडीने लिही म्हणायची रीत असते, पण मला सवड नाही.

आई तुझी आठवण काढते. कधीकधी.

ताई


१३ तारीख, गुरुवार

बारके,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, नकाशाच तो. फ्रेम, फोर्क, बाण, आकडे. कशी आहेस म्हणून एक ओळ नाही. बापावर गेली आहेस, दुसरं काय. पण अक्षर बघून बरं वाटलं, हे सांगून टाकते, उगाच मनात कशाला ठेवू?

तू लिहिलंस म्हणून पायाच्या आतल्या बाजूचं माप घेतलं. आता मला माप घ्यायला शिकवणारी तू कोण, असं म्हणत टेप काढली, झटक्यात घेतलं आणि तुझ्या तक्त्यावरून सगळ्यात लहान फ्रेम काढायला लावली. त्या सायकलीवर बसले तर गुडघे हँडलला आपटायला लागले! दुकानदार बिचारा खोकल्याच्या निमित्ताने तोंड फिरवून उभा. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. बत्तीस वर्षं पँटी शिवल्या आहेत मी. आम्ही माप घोट्यापर्यंत घेतो, तिथे कापड संपतं. तुम्ही लोक अनवाणी उभं करून थेट जमिनीपर्यंत घेता. चार बोटांचा फरक! माप चुकलं नव्हतं, पण पँटीचं होतं. दुकानात मी एवढी हसले की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते थांबेचना. दुकानदाराने स्टूल दिलं बसायला. म्हटलं, काही नाही हो, दमले आहे.

निळी घेऊ नकोस, स्वस्तातला शॉकअप म्हणजे नुसतं ओझं, हे तुझं पटलं. त्याच पैशांत राखाडी घ्यायची, तिला नवे ब्रेक-रबर, अडतीस मिलिमीटर जाडीचे टायर आणि मडगार्ड बसवायचे, हेही पटलं. तरी निर्णय होत नाही. पाच वेळा त्या दुकानात जाऊन आले. परवा तर राखाडी घ्यायचीच म्हणून गेले आणि निळीच्या सीटवर हात फिरवून परत आले. जीव एका जागी ठरतच नाही गं. शिवायला बसले तर दर शिवणीला मान वर करून दाराकडे बघते. काल एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. मी! समोरचा चष्मेवाला म्हणतो, ताई, चष्मा बदला. त्याला काय, त्याचा धंदा आहे.

तुझ्या पत्रात तळाशी एक ओळ आहे, बाकीच्या अक्षरापेक्षा लहान. "कॅरिअरवर कोण बसणार आहे?"

कापडाचे गठ्ठे. सांगितलं होतं ना.

बरं, एक गंमत सांगते. आमच्याकडे एक मुख्याध्यापिका येतात, ताठ मानेच्या, बोलतानाही हजेरी घेतात असं वाटतं. त्यांचा करड्या रंगाचा लांब कोट कंबरेत आत घ्यायला आला होता. आमची पद्धत तुला माहीत आहे, कपडा आला की चिठ्ठी टाचायची, त्यावर नाव, फोन, काय करायचं ते. तर आपली आई तो कोट अंगात घालून बाहेर पडली. चिठ्ठीसकट! कालव्यापलीकडे रोपवाटिका आहे, तिथल्या माळीणबाईने तिला बसवलं, पाणी दिलं, कॉलरवरची चिठ्ठी वाचली आणि लावला फोन. "तुमच्या आई इथे आहेत, घेऊन जा." मुख्याध्यापिका म्हणाल्या, "माझ्या आईला जाऊन वीस वर्षं झाली." माळीणबाई म्हणाल्या, "मग ही कोण? कोट तर तुमचाच आहे, आणि कंबरेत आत घ्यायचा आहे असंही लिहिलंय." अर्ध्या तासाने मुख्याध्यापिका रिक्षातून आईला घेऊन माझ्या दारात. आई खाली उतरली ती कोटाची बाही चिमटीत धरून त्यांना सांगत होती, "खांद्यात सैल आहे हा, उकलून परत लावायला पाहिजे." आणि खरंच सैल होता गं. मी कंबरच बघत बसले होते.

हसलीस ना? मीही हसले होते. दुसऱ्या दिवशी.

तर आई हल्ली फिरायला जाते. न सांगता जाते, एवढंच. चारच्या सुमारास तिची चुळबूळ सुरू होते. चालते भराभर, अजून पाय चांगले आहेत, आणि मला मागे धावत जायचं तर माझा गुडघा ऐकत नाही. म्हणून सायकल. तिच्या सगळ्या कपड्यांच्या आत मी माझ्या फोन नंबरची पट्टी शिवली. तिने सगळ्या पट्ट्या उसवून काढल्या. एकही दोरा तुटलेला नाही, एवढं सफाईने. म्हणाली, "वाकडी लागली आहे, टोचते." तिचाच हात तो, शिवण वाकडी दिसली की राहवत नाही तिला.

याचा लगेच डोंगर करू नकोस. दोन वर्षांपूर्वी तू स्वयंपाकघरात उभी राहून म्हणालीस, "ताई, आई विसरायला लागली आहे, तिला डॉक्टरला दाखवू, थोडे दिवस माझ्याकडे नेते." आणि मी काय म्हटलं ते तुझ्या लक्षात असेल. वर्षातून दोनदा यायचं आणि आईच्या चुका मोजून जायचं, असं म्हटलं. आई काय बॅग आहे का इकडून तिकडे न्यायला, असंही. आणखी एक म्हटलं, ते मी लिहिणार नाही.

सायकलीचं तेवढं नक्की सांग. कॅरिअर तुझ्या त्या चित्रातलंच ना, चार दांड्यांचं लोखंडी?

ताई


२६ तारीख, बुधवार

प्रिय बारके,

राखाडी घेतली. परवा, सोमवारी. अडतीसचे टायर, नवे ब्रेक-रबर, मडगार्ड, तू काढलंस तसं चार दांड्यांचं कॅरिअर आणि मागे दोन्हीकडे पाय ठेवायला खुंट्या. काजाचं मशीन आता पुढच्या जन्मी. फ्रेम जमिनीपर्यंतच्या मापाची. सायकल उत्तम आहे, तुझे आभार.

आता दुसरं लिहायचं आहे. सकाळपासून तीन कागद फाडले. जे होईल ते होवो, या कागदावर लिहून टाकते.

सोमवारी दुकानदार म्हणाला होता, अर्ध्या तासात कॅरिअर बसवून देतो. आईला घेऊन गेले तर ती मधेच चालायला लागते, एकटी ठेवली तर बाहेर पडते. म्हणून मी तिला दुकानात बसवलं, हातात एक जुना रुमाल दिला टीप घालायला, आणि जाताना दाराला बाहेरून कडी लावली.

पहिल्यांदा नव्हे. महिना झाला लावते आहे. सामान आणायला जाताना, माप द्यायला जाताना. तुला पहिल्या पत्रात "सगळं ठीक आहे" असं लिहिलं ना, तेव्हा मी दुकानात बसले होते आणि मागच्या खोलीची कडी बाहेरून लावलेली होती. आई आतून दार वाजवत होती. मी मशीनचं पायडल मारत राहिले, म्हणजे ऐकू येऊ नये. मग मशीन थांबवून तुला निळी घेऊ की राखाडी ते विचारलं. थू माझ्यावर!

अर्ध्या तासाचा दीड तास झाला. खुंट्या बसत नव्हत्या. मी तिथे येरझाऱ्या घालत होते, दुकानदार म्हणाला, मॅडम, बसा की. कशी बसू? शेवटी तशीच सायकल ओढून घेतली आणि जी सुटले. सातही गिअर वापरले की एकही नाही, कोण जाणे.

दार उघडलं तर आई माझ्या कापायच्या टेबलाशी बसलेली. समोर मुख्याध्यापिकांचा कोट. कोट कुठला, सुटे भाग. बाह्या वेगळ्या, कॉलर वेगळी, अस्तर वेगळं, पाठ वेगळी. सगळं एकावर एक नीट रचलेलं. कुठे कापडाला ओरखडा नाही. काढलेला दोरासुद्धा तिने रिळाला गुंडाळून ठेवला होता. मी तोंड उघडलं ते ओरडायला. मग तिचे हात दिसले. तळहात लालबुंद, एकाला बोटांपाशी सूज. दार बडवलं होतं तिने. किती वेळ ते देव जाणे. बडवून बडवून थकली आणि मग कामाला बसली.

मला बघून उठून उभी राहिली. पदर नीट केला. आणि म्हणाली, "मालकीणबाई, आजचं सगळं काम झालं बघा. आता दार उघडाल का? चार वाजून गेले. मला सोडा ना घरी."

बारके, ती मला ओळखत नव्हती. ती त्या जुन्या दुकानात होती गं, जिथे ती आपल्या लहानपणी दिवसभर शिवायची आणि चारला सुटायची.

मी विचारलं, घरी कोण आहे?

"माझ्या दोन मुली. शाळेतून येऊन बसल्या असतील. थोरली करते सगळं, धाकटीला खायला देते, वेणी घालते. पण तीही लहानच आहे हो. नऊ वर्षांची. तिला वाटतं आपण मोठ्या झालो. मी गेल्याशिवाय ती स्वतः काही खात नाही."

मी तिथेच जमिनीवर बसले. मला कोणी लहान म्हटल्याला किती वर्षं झाली, आठवत नाही. ती मला समजवायला लागली, "रडू नका मालकीणबाई, उद्या लवकर येते."

काल, म्हणजे मंगळवारी, मी ठरवलं. चार वाजले. मी दार सताड उघडलं आणि म्हटलं, "सुट्टी झाली. जा घरी." तिचा चेहरा काय फुलला म्हणून सांगू! निघाली तरातरा. मी कुलूप घातलं आणि सायकलीवर तिच्या मागे. अगदी हळू, सगळ्यात हलक्या गिअरवर, दहा-पंधरा पावलं सोडून. हायब्रिड चालत्या माणसाच्या वेगाने चालते. दोनदा पाय टेकावा लागला, बस. खडीवरही घसरली नाही.

कालव्याच्या काठाने गेली, रोपवाटिकेवरून पुढे, रेल्वेचं फाटक ओलांडून आपल्या जुन्या गल्लीत. मला वाटत होतं ती भरकटते. महिनाभर मी सगळ्यांना तेच सांगत होते. अगं, एक वळण चुकली नाही ती. आपली खोली होती तिथे आता फरशांचं गोदाम आहे, तुला माहीत आहे. त्याच्या फाटकासमोर जाऊन थांबली. कडी शोधायला लागली. मिळेना. मग हाका मारल्या. आधी माझ्या नावाने, मग तुझ्या. दोन्ही नावं बरोबर. गोदामाचा पहारेकरी बघायला आला.

मी पुढे झाले. म्हटलं, "बाई, मुली आत नाहीत. चला, मी नेते तुम्हाला." तिने मला नीट बघितलं आणि म्हणाली, "मालकीणबाई, तुम्ही कशाला एवढ्या लांब आलात?" मग काही विचारायच्या आत कॅरिअरवर बसली, एका बाजूला पाय सोडून, जशी पूर्वी बाबांच्या मागे बसायची. माझी कंबर धरली. पंचेचाळीस किलोही नाही गं भरणार आता.

वाटेत गप्पा मारत होती.

"तुम्हाला कोणी बहीण आहे का हो?"

"आहे एक. धाकटी."

"मग तिला घ्या की हाताखाली. एकट्याने कसं रेटणार एवढं काम?"

"आमचं भांडण आहे."

"कशावरून?"

"आईवरून."

ती हसली. पाठीवर मला ते हसू कळलं. म्हणाली, "माझ्या दोघी पण रोज भांडतात. मी घरी पोचले की गप्प होतात."

मी सायकल थांबवली. पुढचं दिसेनासं झालं होतं.

त्या दिवशी स्वयंपाकघरात मी तुला म्हटलं ते आता लिहिते. मी म्हटलं, "आईला मी एकटी पुरेशी आहे, तू नसलीस तरी तिचं काही अडत नाही." तू चप्पल घातलीस आणि गेलीस. आई आतून विचारत होती, कोण गेलं? मी म्हटलं, कोणी नाही.

बारके, मी पुरेशी नाही. रोज चार वाजता ती दोघींकडे यायला निघते, आणि मी तिला कोंडून ठेवत होते. माझ्या हट्टापायी. लोक काय म्हणतील म्हणून नव्हे, तू बरोबर होतीस हे तुला कळू नये म्हणून. याची माफी माग म्हटलंस तर मागते, पण आधी तू ये. डॉक्टरकडे तू म्हणशील तिथे नेऊ. तुझ्याकडे न्यायची तर नेऊ, मी रडेन, तू लक्ष देऊ नकोस. किंवा तू थोडे दिवस इथे राहा, तुझ्या कामाला समोर एक गाळा रिकामा आहे, चष्मेवाल्याला विचारून ठेवलं. तो उगाच चौकशा करतो, त्याला उत्तर देऊ नकोस.

मुख्याध्यापिकांना मी खरं काय ते सांगितलं. कोट परत शिवून देते म्हटलं. त्या एवढंच म्हणाल्या, या वेळी आईंना खांदे लावू द्या. आज सकाळी आईने एक बाही लावली. माझ्यापेक्षा सरळ.

आता पावणेचार झालेत. आई उठून दाराशी उभी आहे, दार उघडं आहे. मी आज पुन्हा तिच्या मागे जाणार, आणि गोदामाच्या फाटकाशी पुन्हा तिला सांगावं लागणार की मुली आत नाहीत. हे मला रोज सांगवणार नाही गं. तू आलीस तर एक दिवस, फक्त एक दिवस, आपण दोघी तिच्या आधी तिथे जाऊन उभ्या राहू. ती ओळखो न ओळखो.

येताना तुझी सायकल आण.

तुझी वाट बघणारी, आणि तू म्हणालीस ते खरं होतं असं स्वतःच्या हाताने लिहिणारी,

तुझी ताई
(नऊ वर्षांची)